उलट्या लेन्समधली वागळे इस्टेट

वागळे इस्टेट आणि निसर्ग हे शब्द एका वाक्यात घेण्याचे धाडस सहसा कुणी करत नाही. निसर्ग पाहायचा तर ठाणेकराने येऊरला जावे, अगदीच सवड नसेल तर तलावपाळीला एक चक्कर मारावी. वागळे इस्टेटमध्ये माणूस जातो तो कामाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्यावहिल्या औद्योगिक वसाहतीचा मान या भागाला मिळाला. रस्त्यांना नावेसुद्धा द्यायला कुणाला वेळ नव्हता. रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस असे नुसते आकडे. पत्र्याच्या शेड, पाळीचे भोंगे, तेलकट डांगऱ्या, टपरीवरचा कटिंग चहा आणि पाळी सुटल्यावर चेकनाक्याकडे निघालेला सायकलींचा लोंढा, हीच इथली ओळख. यातले बरेच काही आता उरलेले नाही. शेडच्या जागी काचेच्या इमारती आल्या, डांगऱ्यांच्या जागी गळ्यात ओळखपत्रे आली.

मी या वसाहतीत एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या तपासणी विभागात सव्वीस वर्षे काढली. काम एकच: तयार होऊन आलेला माल मायक्रोमीटरने मोजायचा आणि शतांश मिलिमीटरचा फरक सापडला की तो बाजूला काढायचा. अशा नोकरीत डोळ्याला एक खोड लागते. बारीक वस्तू दिसली की ती किती बारीक आहे, हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. जेवणाच्या सुट्टीत शेडमागच्या मोकळ्या जागेत डबा उघडून बसलो की ही खोड मग रुईच्या पानाकडे आणि पानावरच्या किड्याकडे वळत असे.

वसाहतीच्या पाठीशी येऊरचे डोंगर आहेत आणि डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. तिथला बिबट्या एखाद्या सोसायटीच्या आवारात आला की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. पण त्याच डोंगरातून रोज हजारोंच्या संख्येने जे जीव खाली उतरतात, कारखान्यांच्या कुंपणावरून आत येतात आणि बंद पडलेल्या यंत्राच्या सांगाड्यावर घर करतात, त्यांची बातमी कधी होत नाही. कारण उघड आहे. ते दिसतच नाहीत. चार-पाच मिलिमीटरचा जीव माणसाच्या नजरेला ठिपका वाटतो आणि ठिपक्याला कुणी विचारत नाही.

हा ठिपका मोठा करून पाहायचा एक स्वस्त मार्ग आहे, आणि आजचा हा लेख त्याच्याविषयीच आहे. कॅमेऱ्याची लेन्स काढायची, उलटी करायची आणि उलटीच बसवायची. बस्स, एवढेच. ऐकणाऱ्याला वाटते, थट्टा चालली आहे. पण यामागचे तर्कशास्त्र साधे आहे. नेहमीची लेन्स ही मोठ्या दुनियेला लहान करण्यासाठी घडवलेली असते. समोर दूरवर डोंगर, माणसे, इमारती; मागे जवळच बोटभर फिल्म. पुढची बाजू लांबच्यासाठी आणि मागची बाजू जवळच्यासाठी, अशी तिची रचना असते. आता किडा हा लेन्सच्या जवळ आणि फिल्म त्या मानाने लांब, अशी अवस्था आली की कामाची वाटणीच उलटी होते. मग लेन्सनेही उलटे होणे योग्यच नाही का? घरात दुर्बीण असेल तर मुलांना एक गंमत दाखवा. दुर्बीण उलटी धरायची, मोठ्या भिंगाला डोळा लावायचा आणि डोळ्याकडची बारीक बाजू आपल्याच अंगठ्याच्या अगदी जवळ आणायची. कातडीवरच्या रेघा नांगरलेल्या शेतासारख्या दिसू लागतात. तत्त्व तेच.

यात आणखी एक फायदा आहे, तो मला फार आवडतो. एस.एल.आर. कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे एक आरसा असतो. फोटो काढताना तो वर उचलला जातो. त्याला हलायला जागा हवी, म्हणून अशा कॅमेऱ्याची प्रत्येक लेन्स आपल्या पाठीमागे साधारण साडेचार सेंटीमीटर मोकळे अंतर राखूनच काम करते. लेन्स उलटी झाली की आरशासाठी राखून ठेवलेले हे अंतर किड्याच्या वाट्याला येते. लेन्स कुठलीही असो, किडा आणि काच यांच्यात तेवढी तरी मोकळी जागा राहतेच. किड्याला श्वास घ्यायला जागा आणि आपल्याला उजेड पाडायला जागा.

उलटी लेन्स कॅमेऱ्याला धरून ठेवायला मात्र एक कडी लागते. तिला रिव्हर्स रिंग म्हणतात. आज ती घरबसल्या मागवता येते. १९९१ साली ती फोर्टात बोरा बाजाराच्या आसपासच्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत विचारूनही मला मिळाली नाही. खास किड्यांसाठीची मॅक्रो लेन्स मिळत होती, पण तिची किंमत माझ्या पाच महिन्यांच्या पगाराएवढी. माझ्याजवळ होता जुना रशियन झेनिट. वजनाला वरवंटा, पण स्वभावाने भला. त्याची लेन्स नुसती आट्यांवर फिरवून बसवायची, मापही सरळ: ४२ मिलिमीटर व्यास, १ मिलिमीटर पिच. लेन्सच्या तोंडाशी फिल्टर लावायचे आटे असतात, ते ५२ मिलिमीटर व्यासाचे आणि ०.७५ पिचचे. म्हणजे हवी होती ती एका बाजूला ४२ चे आणि दुसऱ्या बाजूला ५२ चे आटे असलेली, मधून आरपार पोकळ अशी ॲल्युमिनियमची कडी.

कागदावर नकाशा काढून मी तो आमच्या शॉपमधल्या सर्वांत जुन्या टर्नरकडे नेला. ते मूळचे कऱ्हाडकडचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत, साहेब लोकसुद्धा. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवून नकाशा पाहिला आणि म्हणाले, “अहो साहेब, ही तर नळाची निपल झाली की! दोन्हीकडनं बाहेरचे आटे. एवढ्यासाठी नकाशा कशाला काढलात?” मग ०.७५ वर बोट ठेवून जरा थांबले. “हे मात्र बघावं लागंल.”

बघावे लागण्याचे कारण असे, की त्यांचे लेथ जुने, इंची स्क्रूचे. इंचाच्या हिशेबाने चालणाऱ्या लेथवर मिलिमीटरचे आटे नेमके पाडायचे तर १२७ दात्यांचे एक चाक लागते. का? तर एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, पाच इंच म्हणजे बरोबर १२७. या एका आकड्याशिवाय इंच आणि मिलिमीटर पूर्णांकात कधी भेटत नाहीत. मास्तरांनी ते चाक तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटाच्या तळाशी जपून ठेवले होते. भंगारातला ॲल्युमिनियमचा तुकडा त्यांनी चकमध्ये धरला, सुट्टीच्या अर्ध्या तासात आटे पाडले. ०.७५ पिचच्या आट्याची खोली अर्ध्या मिलिमीटरलाही पोचत नाही; एक खाच जास्त खोल गेली की काम वाया. शेवटचा हात फिरवण्याआधी त्यांनी माझ्या लेन्सची काच कागद आणि चिकटपट्टीने झाकून घेतली, धातूचा चुरा उडू नये म्हणून, आणि लेन्स स्वतःच्या हाताने फिरवून पाहिली. लोणी कापावे तशी ती बसली. मजुरी म्हणून दोन कटिंग झाले.

तयार कडी हाती आली तरी फोटो मिळणे वेगळे. उलट्या लेन्सचा आणि कॅमेऱ्याचा संवाद तुटलेला असतो, सगळे हाताने करावे लागते. छिद्र उघडे ठेवून नेमके पाहायचे, मग कडी फिरवून छिद्र बारीक करायचे, की डोळ्यासमोर अंधार. लेन्स फिरवून फोकस होत नाही. आपणच पुढे-मागे झुलायचे आणि डोळा जुळला त्या क्षणी बटण दाबायचे. किती झुलायचे? मूळ आकाराएवढी प्रतिमा घेताना, छिद्र अकरा आकड्यावर असले तरी, स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा असतो. ५८ मिलिमीटरची लेन्स काढून २८ची लावली, म्हणजे प्रतिमा मूळ आकाराच्या दुप्पट झाली की तो पट्टा अर्ध्या मिलिमीटरवर येतो. श्वास आत घेतला तरी माणूस त्याहून जास्त हलतो. म्हणून श्वास सोडून, तो परत घ्यायच्या आत काम उरकावे लागते. लहान छिद्र आणि लांब गेलेली फिल्म यांमुळे उजेडही चौथ्या हिश्श्यावर येतो. मी फ्लॅशसमोर ट्रेसिंग पेपर बांधत असे आणि दुसऱ्या बाजूला थर्मोकोलचा तुकडा. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो, त्यामुळे हाताचा कंप आणि वाऱ्याने डुलणारे पान दोन्ही त्यात गोठतात. छत्तीसच्या रोलमध्ये चार-पाच फोटो मनासारखे निघाले तर तो रोल चांगला, असा या छंदाचा हिशेब होता. डिजिटल कॅमेऱ्याने रोलचा खर्च संपवला. श्वासाचा प्रश्न आजही तोच आहे.

आता त्या शेडमागच्या जागेत काय होते ते सांगतो. चार गुंठ्यांची उकिरड्यासारखी जागा. रुई, एरंड, घाणेरी, पावसाळ्यात गुडघाभर टाकळा, कडेला एक बाभूळ आणि कुंपणापलीकडे आंबा. माळ्याने पाहिले तर तो कपाळाला हात लावील.

रुईपासून सुरुवात करू, कारण कीटक पाहायला शिकायचे तर रुईसारखी शाळा नाही. तिच्या कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा गर्दी करून बसतो. मुंग्या त्याच्याभोवती गवळ्यासारख्या फिरतात. शिंगांनी त्याला चुचकारतात आणि त्याने सोडलेला गोड थेंब पितात. उलट्या लेन्समधून तो थेंब मुंगीच्या तोंडाशी काचेच्या मण्यासारखा दिसतो. ढालकिड्याची अळी, जी आकाराने सुसरीसारखी असते, तोच मावा फस्त करत सुटते आणि मुंग्या तिला हुसकतात. एका पेराएवढ्या देठावर हे सारे. त्याच रुईवर प्लेन टायगर या केशरी फुलपाखराची अळी असते: पांढरे-काळे-पिवळे पट्टे आणि अंगावर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. रुईचा चीक विषारी. ही अळी काय करते, तर पान खाण्याआधी त्याच्या शिरा कुरतडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग जेवायला बसते. तरीही जे विष अंगात जाते ते ती साठवते, फुलपाखरू झाल्यावरही. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. आणि ही कीर्ती पाहून डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी हुबेहूब तोच वेष करून फिरते. तिच्या अंगात विष नाही, नुसता गणवेश.

बाभळीवर गंमत निराळी. काट्यांच्या रांगेत एक काटा जरा तपकिरी, जरा वाकडा. बोट जवळ नेले की तो काटा फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. हा शिंगवाला तुडतुडा. त्याच्या पाठीवर निसर्गाने असे शिंग बसवले आहे की साध्या डोळ्याला तो काटाच वाटावा.

पण मास्तरांना सर्वांत आवडला तो आंब्यावरचा प्रकार. आंब्याच्या लाल मुंग्या, कोकणात त्यांना ओंबील म्हणतात, पाने शिवून घरटे करतात हे आपण जाणतो. कशाने शिवतात? पान दुमडून धरायला मुंग्यांची साखळी लागते, आणि शिवणारी मुंगी आपल्याच वसाहतीतली अळी तोंडात धरून आणते. अळीच्या तोंडातून रेशीम निघते. मुंगी तिला या कडेवरून त्या कडेवर नेते, आणते. धोटा फिरवावा तशी. मास्तर सुट्टीत माझ्या कॅमेऱ्याला डोळा लावून हे पाहत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “टूल हातात धरायची पद्धत बघा. आमच्या ॲप्रेंटिसला हेच सांगून दमलो.” मग त्या मुंगीच्या जबड्याकडे पाहून म्हणाले, “आणि फिनिशिंग! कुठं बर नाही की काही नाही.”

त्याच झाडावर, त्याच रंगाची आणखी एक मुंगी फिरत होती. मुंग्यांच्या रांगेपासून जरा अलग. उलटी लेन्स नसती तर तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलेही नसते. लेन्समधून पाय मोजले, सहा भरायला हवेत ते आठ भरले. पुढचे दोन पाय हवेत उचलून ती शिंगांसारखी हलवत होती. समोरून पाहिले तर दोन मोठे काळेभोर डोळे. तो कोळी होता. मुंगीचे सोंग घेऊन वावरणारा, उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला. ओंबील कडकडून चावते म्हणून तिला सहसा कुणी खात नाही, आणि तिच्यासारखे दिसणाऱ्याचेही त्यामुळे भागते. या जातीच्या नराचे जबडे तर इतके लांब असतात की लांबून पाहणाऱ्याला वाटावे, एक मुंगी दुसरीला तोंडात धरून निघाली आहे. सोंगातही केवढा तपशील!

उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे कुळ हे कोळ्यांतले सर्वांत मोठे, जगभरात सहा हजारांहून अधिक जातींचे. ते जाळे विणून वाट पाहत बसत नाहीत. पाहून, अंदाज घेऊन झेप घालतात. त्यासाठी त्यांना आठ डोळे आहेत आणि पुढचे दोन दुर्बिणीच्या नळीसारखे लांबट. फोटो काढताना यांच्याइतका चांगला गिऱ्हाईक नाही. इतर किडे पळतात; हा वळून तुमच्याकडे पाहतो. लेन्स उजवीकडे नेली की उजवीकडे, डावीकडे नेली की डावीकडे. पाच मिलिमीटरचा जीव आपल्याला निरखतो आहे, ही जाणीव पहिल्यांदा होते तेव्हा माणूस बटण दाबायचे विसरतो.

या निरखण्याची सुरुवात कुणी केली, हे सांगताना सगळे रॉबर्ट हूकचे नाव घेतात. लंडनच्या या शास्त्रज्ञाने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक छापले आणि त्यात पिसवेचे घडी उलगडून पाहावे लागेल एवढे मोठे चित्र दिले. मला मात्र हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक अधिक जवळचा वाटतो. हा कापडाचा व्यापारी. कापडातला धागा तपासायला व्यापारी भिंग वापरतच. याने स्वतःच्या हाताने मण्याएवढी भिंगे घासली आणि धागा सोडून पाण्याचा थेंब, मधमाशीची नांगी, जे मिळेल ते पाहायला सुरुवात केली. मालाची तपासणी करता करता माणूस कुठल्या कुठे जातो, याचे हे जुने उदाहरण.

मास्तर निवृत्त होऊन गावी गेले. २०१३ साली केंब्रिज विद्यापीठातल्या माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन या शास्त्रज्ञांचा एक शोध प्रसिद्ध झाला, तो वाचल्यावर मी त्यांना फोन केला. इसस नावाचा तुडतुड्यांचा एक युरोपीय भाऊबंद आहे. त्याच्या पिल्लाच्या मागच्या दोन पायांच्या मुळाशी चक्क दातेरी गिअर असतात, एकमेकांत अडकणारे. उडी मारताना दोन्ही पाय एकाच क्षणी सुटले नाहीत तर पिल्लू गिरकी घेऊन भलतीकडे पडेल. म्हणून एक पाय दुसऱ्याला दात्यांनी जोडलेला. माणसाने यंत्रात वापरलेला गिअर निसर्गातल्या सजीवात प्रत्यक्ष चालताना पहिल्यांदाच सापडला होता.

पलीकडून पहिला प्रश्न आला, “दाते किती?”

“दहा ते बारा.”

“दोन्हीकडं सारखे?”

“सारखे.”

“मग लांबी केवढी?”

मी सांगितले, दात्यांची पूर्ण पट्टी ४०० मायक्रॉनच्या आसपास. अर्धा मिलिमीटरही नाही. आणि दात्याच्या मुळाशी कोपरा न ठेवता गोलाई दिलेली आहे, झीज कमी व्हावी म्हणून. मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मग मी पुढचे सांगितले, की शेवटची कात टाकून किडा मोठा झाला की हे गिअर नाहीसे होतात. पिल्लाचा दाता तुटला तर पुढच्या कातेबरोबर नवा मिळतो, मोठ्याला कात नाही म्हणून त्याला तुटका दाता परवडत नाही, असा त्याचा एक अर्थ शास्त्रज्ञ लावतात. “म्हंजे रिटायर झाल्यावर हत्यार जमा करून जातो म्हणा की,” मास्तर म्हणाले आणि मोठ्याने हसले.

एवढे बारीक दाते उलट्या लेन्सने दिसत नाहीत, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. पण काही गोष्टी अशा आहेत की त्या आपल्या दाराशी आहेत आणि त्यांच्याकडे कुणी पाहिलेलेच नाही. २०२१ साली ध्रुव प्रजापती, जॉन केलेब, सोमनाथ कुंभार आणि राजेश सानप या अभ्यासकांनी उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जाती जगापुढे आणल्या. कुठल्या? ॲमेझॉनच्या नव्हे, आपल्या या मुंबई-ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या. त्यांतल्या एकीचे नाव त्यांनी ठेवले ‘आयसियस तुकारामी’. तुकाराम म्हणजे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात केवळ लाठी असताना त्यांनी अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावच्या या माणसाचे नाव आता शास्त्राच्या दप्तरी काही मिलिमीटरच्या एका कोळ्याबरोबर कायमचे लागले आहे.

लाखो माणसे रोज ज्या पट्ट्यातून लोकलने ये-जा करतात, तिथे २०२१ पर्यंत नाव नसलेले प्राणी राहत होते. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. कुठल्या मोकळ्या जागेत काय आहे याची यादी आपल्याजवळ नाही, आणि यादी होण्याआधीच जागा साफ होत आहेत. आमच्या शेडमागची ती चार गुंठे जागा कारखान्याबरोबरच विकली गेली. एका सकाळी जेसीबी आला आणि दुपारपर्यंत रुई, एरंड, बाभूळ सगळे ट्रकमध्ये भरून गेले. आता तिथे काचेची इमारत आहे आणि पुढे हिरवेगार लॉन. लॉनला रोज पाणी मिळते, कडेला परदेशी शोभेची झाडे आहेत. मी तिथे रखवालदाराची परवानगी काढून एक सकाळ बसलो होतो. दोन तासांत मुंग्यांच्या एका रांगेपलीकडे काही मिळाले नाही. एरंडावर कॅस्टर फुलपाखराची काटेरी अळी वाढते, टाकळ्यावर पिवळी फुलपाखरे अंडी घालतात. लॉनवर कुणी काय खावे? दिसायला हिरवे आणि जेवायला उपास. इमारती होऊ नयेत असे मी म्हणणार नाही. माझ्या शेजारची मुले तिथेच नोकरीला आहेत. पण कुंपणाच्या आत दहा फुटांची पट्टी रुई-टाकळ्यासाठी सोडली असती तर एकाही संगणकाला धक्का लागला नसता.

याच्या उलट काय करता येते ते पाहायचे असेल तर घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला जावे. राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या घरच्या सुमारे दोन एकर जमिनीत फुलपाखरांना लागणारी झाडे लावली. जाळी नाही, पिंजरा नाही. फुलपाखरे आपणहून येतात आणि जातात. तिथे शंभराहून अधिक जातींची नोंद झाली आहे. २०१५ साली ज्याला महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून मान मिळाला ते ब्लू मॉर्मनही तिथे दिसते. नावे ओळखायला शिकायचे तर आयझॅक किहिमकर यांचे भारतीय फुलपाखरांवरचे पुस्तक जवळ असावे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ते २००८ साली काढले.

या छंदात अलीकडे एक वाईट चाल शिरली आहे, तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. किडा हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवतात. गारठून तो सुस्त झाला की पानावर मांडून फोटो काढतात. काही महाभाग डिंकाने पाय चिकटवतात. असे फोटो ओळखू येतात. बेडूक गोगलगायीवर बसला आहे आणि गोगलगायीच्या डोक्यावर भुंगा, असले काही दिसले की समजावे. स्पर्धांत त्यांना बक्षिसेही मिळतात, हे आणखी वाईट. किडा पळतो तर पळू द्यावा. पहाटे, ऊन चढण्याआधी, तो आपणहून थंड आणि संथ असतो. अंगावर दव असते. त्यासाठी पाच वाजता उठावे लागते, एवढीच अडचण.

साधनांची अडचण तर आता उरलेलीच नाही. घरोघरी जुन्या कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची लेन्स कपाटात बुरशी खात पडलेली असते. ती पुसून, तिचे तोंड मोबाइलच्या डोळ्याला लावून धरली, म्हणजे मागची बाजू किड्याकडे आली, तरी चालते. कडाही नको, आटेही नकोत. कडेने थोडा अंधार येईल, तो चालवून घ्यावा. फक्त लेन्सची मागची काच उघडी असते, तिला धूळ आणि बोट लागू देऊ नका.

आणि किड्यासाठी लांब जायला नको. बहुतेकांच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी असते. कोवळ्या पानांच्या कडेला, पानाखाली शोधा. मोहरीहून जरा लहान, फिकट पिवळे, गोल गरगरीत अंडे एकटेच चिकटलेले दिसेल. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि पहिले जेवण म्हणून अंड्याचे टरफल खाते. मग काही दिवस ती अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-पांढरी. कुणी खाऊ नये म्हणूनच. मोठी झाली की हिरवी होते आणि पुढच्या भागावर खोटे डोळे येतात. काडीने हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून लालसर-नारिंगी दुबेळके बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. गृहिणींना ती पाहून राग येतो, कारण फोडणीची पाने तीच संपवते. पण झाड मरत नाही. महिनाभरात पालवी फुटते. कोश बांधल्यावर तो दोराच्या टेकूने काडीला लटकलेला दिसेल. पंखांचा रंग कोशातून काळा दिसू लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी लेन्स हाताशी ठेवावी. फुलपाखरू बाहेर येऊन पंख वाळवायला तास-दोन तास घेते, तेवढ्या वेळात ते कुठेही जात नाही. डबा जरा उशिरा झाला तरी चालेल.